घरचा संगणक : मामांचा पेनड्राइव्ह



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. "जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय. आता अँटीव्हायरस कुठला घालायचा?" विचारणारे बहुतेक तुमच्याच वयाचे, कॉलेजात शिकणारे किंवा नुकते नोकरीला लागलेले. लॅपटॉप मात्र आई-बाबांचा, काकांचा नाहीतर आजोबांचा. यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप धडधाकट असला तरी त्या अटीत बसत नाही. मग घरातला पोरगा किंवा पोरगी म्हणते, टाकूनच देण्यापेक्षा लिनक्स घालते.

पूर्वी या प्रश्नाला माझं उत्तर एका वाक्याचं असे. "लिनक्सला व्हायरस लागत नाही, काही घालू नका." आता मी तसं उत्तर देत नाही. त्याला कारण माझीच एक चूक आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

निपाणीला माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. मागच्या दिवाळीत त्यांच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट बसवून दिलं. चार जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप पुन्हा पळायला लागला. मराठी आणि कन्नड, दोन्ही कीबोर्ड लावून दिले. लिब्रेऑफिसमध्ये त्यांच्या हिशोबाच्या फाइली उघडल्या. मामा खूश झाले आणि जाताना त्यांनी विचारलंच, "अँटीव्हायरसचं काय? दरवर्षी पैसे भरत होतो की." मी ऐटीत सांगितलं, "मामा, तुम्ही आता ते विसरा. याला व्हायरस लागत नाही." मामा म्हणाले, "बिनकुलपाचं दुकान मी अजून बघितलं न्हाई. पण तू शिकलेला आहेस, तू म्हणतोस तर असेल."

दोनेक महिन्यांनी मामांनी मंडळाचा अहवाल छापायचा म्हणून पेनड्राइव्हवर मजकूर घालून एका डीटीपीच्या दुकानात दिला. पेनड्राइव्ह परत आला तेव्हा त्यात ओळखीच्या फोल्डरांशेजारी त्याच नावाच्या आणखी काही फाइली दिसत होत्या. मामांनी लक्ष दिलं नाही. लॅपटॉपला काही झालं नव्हतं. त्यांनी त्याच पेनड्राइव्हवर महिन्याचा विक्रीचा तक्ता घातला आणि जीएसटीचं काम बघणाऱ्या त्यांच्या कर सल्लागाराकडे नेऊन दिला. तिथे विंडोज होतं, आणि अँटीव्हायरसची वर्गणी संपलेली होती. सल्लागारांना पेनड्राइव्हमध्ये फोल्डरऐवजी नुसते शॉर्टकट दिसले. त्यांनी त्यावर क्लिक केलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हची तीच अवस्था झाली होती.

पैसे कोणाचे गेले नाहीत. पण रिटर्न भरायच्या ऐन दिवसांत त्यांचा संगणक दोन दिवस बंद राहिला. मामांचा आणि त्यांचा तीस वर्षांचा संबंध. मामांचा मला फोन आला तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "तू म्हणालतास की व्हायरस लागत न्हाई म्हणून. माझ्या मशिनला लागला न्हाई रे, पण माझ्या हातनं त्यांच्याकडं गेला की."

मामांच्या या एका वाक्यात या महिन्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. आपण आजारी पडलो नाही म्हणजे आपल्यामार्फत आजार पसरत नाही, असं नाही. करोनाच्या काळात हे आपण चांगलंच शिकलो होतो. संगणकाच्या बाबतीत मी ते विसरलो होतो.

त्या पेनड्राइव्हवर झालं काय, ते समजून घेऊ. या जातीच्या व्हायरसला लोक 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. तो खऱ्या फोल्डरांना विंडोजची 'लपवलेलं' ही खूण लावतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट बाहेर ठेवतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो. त्यामुळे माणसाला संशय येत नाही. लिनक्स ती 'लपवलेलं' ही खूण जुमानत नाही, कारण लिनक्समध्ये नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली फाइल तेवढी लपते. म्हणून मामांना खरे फोल्डर आणि खोटे शॉर्टकट दोन्ही दिसत होते. खरं तर लिनक्सने त्यांना चोर उघडा करून दाखवला होता, पण तो चोर आहे हे सांगायला कोणी नव्हतं. ते काम अँटीव्हायरसचं.

मग लिनक्सला व्हायरस लागत नाही, ही समजूत आली कुठून? ती पूर्ण खोटी नाही. लिनक्सवर रोजचं काम साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतं. यंत्रणेच्या फाइलींना हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो. सॉफ्टवेअर कुठल्याही संकेतस्थळावरून न उतरवता त्या वितरणाच्या अधिकृत भांडारातून येतं, आणि त्यावर डिजिटल सही असते. शिवाय घरगुती संगणकांत लिनक्सवाले थोडे, म्हणून चोरही तिकडे कमी फिरकतात. तरीही लिनक्ससाठी लिहिलेले स्टाओग आणि ब्लिस हे व्हायरस १९९६-९७ मध्येच निघाले होते. ते फारसे पसरले नाहीत इतकंच.

आज लिनक्सवरचा मोठा हल्ला घरच्या लॅपटॉपवर होत नाही, तो सर्व्हर, राउटर आणि कॅमेऱ्यांवर होतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या आतही लिनक्सच असतं. त्याची युक्ती साधी होती. कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड तो लावून बघायचा. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेने ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. आपल्या दुकानातल्या, बंगल्यावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आजही 'अ‍ॅडमिन'च असेल, तर अँटीव्हायरसचा विचार नंतर करा. आधी तो बदला.

आता अँटीव्हायरसकडे वळू. या विषयात आपल्या मुलखाचा एक मोठा दाखला आहे. क्विक हीलचे कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम धरलं, पुढे संगणक दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ते व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९० च्या दशकात त्यातून क्विक हील उभं राहिलं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. त्या काळात व्हायरस फ्लॉपीवरून या दुकानातून त्या दुकानात जायचा. आज फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला, पण रस्ता तोच आहे. निपाणीच्या डीटीपी दुकानातून मामांकडे आणि मामांकडून सल्लागारांकडे.

दुसरा दाखला दिल्लीचा. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर विंडोजऐवजी 'माया' ही उबुंटूवर आधारलेली यंत्रणा बसवायचं ठरवल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच बातम्यांत तिच्याबरोबर 'चक्रव्यूह' नावाचं संरक्षक सॉफ्टवेअर बसवलं जाणार असल्याचंही होतं. म्हणजे सुरक्षेसाठी लिनक्सकडे गेलेल्यांनीही कुलूप घरी ठेवलं नाही. मामांचं म्हणणं बरोबरच होतं.

तर निवड कशी करायची? मी स्वतःला चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, या मशिनमधून फाइली कुठे जातात? फक्त सिनेमे आणि ब्राउझर एवढंच असेल, तर वेगळ्या अँटीव्हायरसविना चालतं. पेनड्राइव्ह फिरत असेल, ईमेलची जोडपत्रं पुढे पाठवली जात असतील, घरातले इतर लोक विंडोज वापरत असतील, तर तपासणीचं साधन हवं. आणि वाइन वापरून विंडोजचे प्रोग्रॅम चालवत असाल, तर नक्कीच हवं. वाइनमध्ये विंडोजचा व्हायरसही चालू शकतो आणि तुमच्या फाइलींपर्यंत पोचू शकतो. जुन्या मराठी फॉन्टसाठी कोणीतरी दिलेला क्रॅक केलेला पेजमेकर वाइनमध्ये घालणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

दुसरा प्रश्न, सतत पहारा हवा की गरजेपुरती तपासणी? विंडोजवरचा अँटीव्हायरस पाठीमागे सतत चालू असतो. घरगुती लिनक्सवर बाहेरून आलेली वस्तू तेवढी तपासली तरी बहुतेकांचं भागतं.

तिसरा, मशिनला झेपेल का? याचा हिशोब खाली देतो.

चौथा, ते सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे का? इंटरनेटवर 'लिनक्ससाठी दहा उत्तम अँटीव्हायरस' अशा याद्या सापडतात. त्यातली बरीच नावं मेलेली असतात. सोफोसची लिनक्ससाठीची मोफत आवृत्ती बंद झाली, इसेटची घरगुती लिनक्ससाठीची आवृत्तीही बंद झाली. ज्याची व्हायरसची यादी रोज नवी होत नाही तो अँटीव्हायरस म्हणजे झोपलेला गुरखा. पगार चालू आणि दार उघडं.

या चार प्रश्नांतून गाळून घरासाठी माझ्या हातात एकच नाव उरतं, क्लॅमएव्ही. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि मिंट, उबुंटू, डेबियन या सगळ्यांच्या भांडारात मिळतं. पोलंडच्या टोमाश कोयम यांनी ते सुरू केलं, पुढे ते सोर्सफायर या कंपनीकडे गेलं, आणि २०१३ मध्ये सोर्सफायरच सिस्कोने घेतली. आज सिस्कोचा टॅलोस हा विभाग ते सांभाळतो. ते प्रामुख्याने मेल सर्व्हरवर येणारी पत्रं चाळण्यासाठी वापरलं जात आलंय, म्हणून विंडोजचे व्हायरसही ते ओळखतं. मामांना नेमकं तेच हवं होतं.

त्याचे दोन भाग लक्षात ठेवा. 'फ्रेशक्लॅम' व्हायरसची यादी ताजी ठेवतो. मिंट-उबुंटूवर तो बसवल्यापासून आपोआप चालतो. 'क्लॅमस्कॅन' प्रत्यक्ष तपासणी करतो. फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्ह उघडायचा, मोकळ्या जागी राइट क्लिक करून तिथेच टर्मिनल उघडायचं आणि क्लॅमस्कॅन हा शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायचा. पुढे आडव्या रेघेसह 'आर' दिलं की तो आतल्या फोल्डरांतही शिरतो, 'आय' दिलं की फक्त बाधित फाइलींची नावं दाखवतो. शेवटी गोषवारा येतो, त्यात बाधित फाइलींचा आकडा बघायचा. शून्य असेल तर पेनड्राइव्ह पुढे द्यायला हरकत नाही.

मेमरीचं गणितही सांगतो. क्लॅमएव्ही व्हायरसची अख्खी यादी मेमरीत घेतं, तिला एक जीबीहून जास्त जागा लागते. म्हणून तपासणी सुरू व्हायला थोडा वेळ जातो, मशीन अडकलं असं समजू नका. सतत पहारा देणारा त्याचा भागही आहे, पण तो चार जीबीच्या लॅपटॉपवर लावला तर बाकीच्या कामाला दम लागतो. मामांच्या मशिनवर मी तो लावला नाही.

तपासणीत काही सापडलं तर लगेच डिलीट करू नका. अँटीव्हायरस कधीकधी निरपराध फाइललाही पकडतो. आधी ती बाजूच्या फोल्डरात हलवा. शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एकाच वेळी अनेक कंपन्यांची मतं मिळतात. पण तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळू शकते. आधार कार्ड, सातबारा किंवा आरटीसीचा उतारा, बँकेचं स्टेटमेंट तिथे अजिबात चढवू नका.

आपला अँटीव्हायरस जागा आहे का, हे बघायची एक गंमतही आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती व्हायरस नाही, पण सगळे अँटीव्हायरस ठरवून तिला पकडतात. घरातल्या धाकट्यांना हा प्रयोग जरूर करू द्या.

ऑफिससाठी, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या सर्व्हरसाठी मात्र क्लॅमएव्हीवर थांबू नका. तिथे क्विक हीलचीच सेक्राइट, मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर फॉर एंडपॉइंट, बिटडिफेंडरचं ग्रॅव्हिटीझोन अशी सशुल्क साधनं लिनक्सवर चालतात आणि सगळी मशिनं एका जागेवरून बघता येतात. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याने तो खर्च वाचवू नये.

एवढं करूनही अँटीव्हायरसच्या हाताबाहेरच्या गोष्टी उरतातच. २० फेब्रुवारी २०१६ ला चोरट्यांनी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून डाउनलोडचा दुवा बदलला आणि चोरदरवाजा असलेली प्रत ठेवली होती. म्हणून आयएसओ उतरवल्यावर तिची एसएचए २५६ बेरीज जुळवून बघायची, कंटाळा करायचा नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा घातला होता. तो कुठल्याही अँटीव्हायरसने पकडला नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि तो खोदत गेला. अपडेट वेळेवर घेणं आणि अनोळखी भांडारातून काहीबाही न उतरवणं, हीच यावरची राखण. मिंटमध्ये फायरवॉल असते पण सुरुवातीला बंद असते, ती चालू करा. टाइमशिफ्ट यंत्रणेची प्रत ठेवतं, तुमच्या फोटोंची आणि हिशोबांची नाही. ती प्रत वेगळ्या डिस्कवर स्वतः घ्या.

शेवटचा मुद्दा आपल्या भागाचा आहे. आपल्याकडे मराठी घरात बिलं कन्नडमध्ये येतात, बँकेचे निरोप इंग्रजीत, आणि बोलणं मराठीत. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा कन्नड मेसेज आला की मामांसारखा माणूस अक्षरं जुळवत वाचतो, अर्धं कळतं, अर्धं कळत नाही, आणि भीतीने दुव्यावर बोट ठेवतो. अर्धवट कळलेला निरोप हा न कळलेल्यापेक्षा जास्त घातक. आणि त्यांच्या हातातला अँड्रॉइड फोन, त्याचा गाभाही लिनक्सचाच. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल आपण स्वतःच परवानगी देऊन बसवली, तर लिनक्स काय करणार? पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. हे वाक्य घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून पाठ करून घ्या. आणि कधी पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

घरातला कोणी ज्येष्ठ असा निरोप घेऊन आला, तर 'एवढंही कळत नाही का' म्हणू नका. असं एकदा ऐकलं की पुढच्या वेळी ते विचारत नाहीत, आणि न विचारता क्लिक केलेला दुवाच महागात पडतो. त्यांना तो निरोप वाचून दाखवा. तुमच्यातले बरेच जण कन्नड शाळेतही शिकले आहेत. सीमाभागात वाढल्याचा हा फायदा घरासाठी वापरा.

मी पुढच्याच रविवारी निपाणीला गेलो. आधी मामांना घेऊन सल्लागारांकडे गेलो, चूक माझी होती हे त्यांना सांगितलं आणि त्यांचे दोन पेनड्राइव्ह साफ करून दिले. त्यांनी चहा पाजला आणि अँटीव्हायरसची वर्गणी भरल्याची पावतीही हसत दाखवली. मग मामांकडे क्लॅमएव्ही बसवलं आणि तपासणीची ती ओळ वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिली. मामांनी स्वतःच एक पद्धत काढली आहे. बाहेर फिरणाऱ्या पेनड्राइव्हला त्यांनी लाल दोरा बांधलाय. लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह घरी आला की आधी तपासणी, बाहेर जाताना पुन्हा तपासणी. घरच्या हिशोबाचा पेनड्राइव्ह दुकानाच्या गल्ल्यातून हलत नाही.

परवा त्यांचा फोन आला. "शून्य आलंय रे, देऊ का छापायला?"

मी म्हटलं, "द्या मामा."